मधला माणूस

शनिवार, दुपारचे पावणेदोन. ड्रेसिंग रूममध्ये ओल्या गवताचा, मलमाचा आणि कडक चहाचा मिसळलेला वास. आमचा आठ नंबर बाकावरून उठतो, माझ्या टेबलावर येऊन बसतो आणि डावा पाय पुढं करतो. पाऊल काटकोनात धर, हे त्याला सांगावं लागत नाही.

घोट्याला टेप बांधायचा क्रम ठरलेला असतो. मागं टाचेच्या शिरेवर आणि पुढं घोट्याच्या घडीवर व्हॅसलीन लावलेले फोमचे दोन तुकडे ठेवायचे, म्हणजे नव्वद मिनिटांत कातडी सोलली जात नाही. त्यावर पातळ अंडररॅप. मग झिंक ऑक्साइडची पांढरी टेप. एक पट्टी पोटरीच्या खाली आणि एक पावलाच्या मध्यावर. यांना अँकर म्हणतात, पुढच्या सगळ्या पट्ट्या यांच्याच आधारावर उभ्या राहतात. मग आतल्या बाजूनं सुरू करून टाचेखालून बाहेर वर ओढलेल्या तीन पट्ट्या, खोगिराच्या रिकिबीसारख्या. शेवटी टाच जखडणारी हील लॉक, एक आतून आणि एक बाहेरून. टेपला वळ पडता कामा नये. वळ पडला की तिथं फोड येतो, आणि फोड आला की माणूस पाय वेगळा टाकायला लागतो. त्या वेगळ्या टाकण्यानं मग गुडघा बिघडतो.

सहा मोसमांत मी तो घोटा दोनशेहून जास्त वेळा बांधला असेल. त्याचं नाव मी लिहिणार नाही आणि क्लबाचंही नाही. माझ्या टेबलावर तो जे बोलला ते माझ्यावर विश्वास ठेवून बोलला. उत्तर इंग्लंडमधल्या, फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरच्या एका जुन्या क्लबात तो आठ नंबरचा शर्ट घालून मधल्या फळीत खेळायचा, आणि मी त्या क्लबाचा फिजिओ होतो, एवढं पुरे.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्याकडं फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. आबा मला लहानपणी तिथं घेऊन जायचे. गोल झाला की सगळं स्टेडियम उठायचं, पण आबा बसून राहायचे. म्हणायचे, "गोल मारणाऱ्याकडं सगळं गाव बघतंय. तू हाफला कोण खेळतोय त्याच्याकडं बघ. बॉल तिथनं आलाय." पुढं मीही तालमीच्या दुसऱ्या संघात हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो. एकोणिसाव्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट तुटला. लेप, शेक आणि विश्रांती यात वर्ष गेलं आणि खेळणं संपलं. त्या गुडघ्यानंच मला फिजिओथेरपीकडं वळवलं. सांगलीत पदवी, मग इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षण, फिजिओ म्हणून तिथली अधिकृत नोंदणी, सरकारी रुग्णालयातली नोकरी. शनिवारी एका हौशी क्लबात थंडीत बॅग घेऊन उभं राहायचं. असं करत करत २०१२ मध्ये व्यावसायिक क्लबातली पूर्णवेळ नोकरी मिळाली.

पहिल्याच दिवशी तिथले म्हातारे किटमन मोज्यांच्या घड्या घालता घालता म्हणाले, "भारतातून आलास? इथं जवळच तुमचा एक जण होता. बायचुंग." बायचुंग भूतिया १९९९ मध्ये बरी या क्लबाकडून खेळायला इंग्लंडला आला होता, तेव्हा मी कोल्हापुरात पेपरमधली कात्रणं जपून ठेवत होतो. त्या परक्या खोलीत कुणीतरी 'आमचा' माणूस ओळखतो, याचा मला फार आधार वाटला.

भारतात फुटबॉल बघणाऱ्यांना इंग्लंड म्हणजे प्रीमियर लीग वाटतं. पण तिथं खेळाची मुळं खाली पसरलेली आहेत. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. आज प्रीमियर लीगच्या खाली त्याच लीगच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांत बहात्तर क्लब. प्रत्येक पायरीवर चोवीस संघ, म्हणजे ऑगस्ट ते मे शेहेचाळीस लीग सामने, वर कपचे वेगळे. शनिवारी सामना, मंगळवारी रात्री सामना, पुन्हा शनिवारी सामना. २०१६-१७ मध्ये उत्तरेच्या टोकाचं कार्लाइल आणि नैऋत्येच्या टोकाचं प्लिमथ एकाच लीगमध्ये होते. या दोन गावांत सुमारे ३९० मैलांचं, म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. लांबचा सामना हरून पहाटे तीनला बसमधून उतरायचं आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा मैदानावर हजर व्हायचं, हे तिथलं रोजचं जगणं.

चौथ्या पायरीच्या खाली कडा आहे. पूर्वी तळाच्या क्लबांना लीगमध्ये ठेवायचं की नाही, हे बाकीचे क्लब मत देऊन ठरवायचे. १९७२ मध्ये असंच बॅरो क्लबाला काढून हेरफर्डला घेतलं. बॅरोला परत यायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली, २०२० पर्यंत. १९८७ पासून मतदान गेलं, तळाचा संघ आपोआप खाली जायला लागला. खाली गेलं की पैसा आटतो. किटमनपासून कँटीनमधल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या नोकऱ्या डळमळतात. म्हणून एप्रिलमधला सामना तिथं नुसता सामना नसतो, गावातल्या कितीतरी घरांचा तो पोटापाण्याचा प्रश्न असतो.

आठ नंबर आमच्याकडं आला तो २०१३ च्या उन्हाळ्यात, अठ्ठावीस वर्षांचा असताना. नवव्या वर्षी एका मोठ्या क्लबाच्या अकादमीत त्याची निवड झाली होती. आठवड्यातून तीन संध्याकाळी वडील कामावरून येऊन त्याला चाळीस मैल गाडीनं न्यायचे. सोळाव्या वर्षी दोन वर्षांची स्कॉलरशिप. अठराव्या वर्षी एका खोलीत बोलावून पाच मिनिटांत सांगितलं, आम्ही तुला ठेवत नाही. परत येताना वडिलांनी गाडीचा रेडिओ लावला नाही, एवढंच त्याला त्या दिवसाचं आठवत होतं. मग हौशी लीगमध्ये दोन वर्षं. तिथून पुन्हा वर. एक क्लब, दुसरा, मध्येच तिसऱ्याकडं उसना, मग चौथा. आमचा पाचवा.

करार एक वर्षाचा, फार झालं तर दोन. ३० जूनला संपणारा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असा त्याच्या बायकोचा नियम होता. फोटो कपाटावर टेकवून ठेवलेले असायचे. आमच्याकडं तिसऱ्या मोसमात दोन वर्षांचा करार मिळाला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एक फोटो भिंतीला लावला. सोमवारी तो मला हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज गोल झाल्यासारखा लागला होता.

या खेळाडूंच्या हक्कांचा इतिहास मी तिथंच शिकलो. इंग्लंडमध्ये खेळाडूंची संघटना १९०७ पासून आहे. तरीही १९६१ पर्यंत कुठल्याही खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून जास्त पगार द्यायला बंदी होती. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकायचा. जॉर्ज ईस्टहॅम हा खेळाडू कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला, तेव्हा ती पकड सैल झाली. १९९५ मध्ये बॉस्मन या खेळाडूच्या खटल्याचा निकाल लागला, त्यानंतर करार संपलेला खेळाडू मोकळा व्हायला लागला. ही मोकळीक न्यायाचीच आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण ज्याच्या दारात दहा क्लब उभे असतात त्याला मोकळं होणं म्हणजे निवड. तिशी ओलांडलेल्या, चौथ्या पायरीवरच्या मधल्या फळीतल्या माणसाला १ जुलैला मोकळं होणं म्हणजे बेकारी. मे महिन्यात प्रत्येक क्लब कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं याची यादी जाहीर करतो. ती लागायच्या आठवड्यात माझ्या टेबलावर येणाऱ्यांची पाठ आखडलेली असायची, मान आखडलेली असायची. मी दाब द्यायचो, पण दुखणं स्नायूत नसायचं.

आता आठ नंबर खेळायचा कसा ते सांगतो, कारण त्याच्या कामाबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही.

खालच्या लीगमध्ये चेंडू हवेत फार असतो. मैदान जानेवारीत चिखलाचं, वारा आडवा. बचावातला माणूस लांब फटका मारतो, पुढं दोन उंच माणसं डोकं लावायला उडतात, आणि चेंडू कुठंतरी पडतो. तो पडतो तिथं आधीच उभं असणं, हेच मधल्या फळीचं काम. त्याला तिथं 'सेकंड बॉल' म्हणतात. सामन्यात असे पन्नास-साठ चेंडू पडतात आणि सामना बहुतेक वेळा तिथंच ठरतो. आठ नंबर वेगवान नव्हता, उंचही नव्हता. पण चेंडू पडायचा तिथं तो असायचा.

हे कसं, ते कळायला मला एक अख्खा मोसम लागला. फिजिओ डगआउटमध्ये बसतो तेव्हा त्याची नजर चेंडूवर नसते. चेंडू गेला की मागं काय उरलं, ते त्याला बघायचं असतं. उडी मारून खाली आलेला माणूस कुठल्या पायावर उतरला, टक्कर झाल्यावर कोण मांडी चोळतोय, कोण वळताना थोडा थांबतोय. त्यामुळं मला असा एक माणूस दिसायला लागला, जो चेंडू दुसरीकडं असताना सगळ्यात जास्त काम करत होता. चेंडू वीस पावलांवर असताना त्याची मान एकदा उजवीकडं वळायची, एकदा डावीकडं, पुन्हा उजवीकडं, पक्षी दाणे टिपताना करतो तशी. मी एकदा मोजायला लागलो. चेंडू त्याच्याकडं यायच्या आधीच्या दहा सेकंदांत पाच वेळा. चेंडू पायाला लागला तेव्हा पुढं काय करायचं हे त्याचं कधीच ठरलेलं होतं. एका स्पर्शात त्यानं तो मोकळ्या माणसाकडं दिला आणि पुन्हा चालायला लागला. टाळ्या पडल्या त्या पुढं क्रॉस टाकणाऱ्याला.

गेइर योरडेट नावाच्या नॉर्वेजियन संशोधकानं या मान वळवण्याचा बारकाईनं अभ्यास केला आहे. चांगले मिडफिल्डर चेंडू मिळण्याआधी सतत आजूबाजूला बघत असतात, आणि फ्रँक लॅम्पार्ड त्यात फार पुढं होता, असं त्यानं दाखवून दिलं. मी आठ नंबरला हे सांगितलं. तो म्हणाला, "मला ते चौदाव्या वर्षी एका म्हाताऱ्या कोचनं शिकवलं. म्हणाला, चेंडू आल्यावर बघणाऱ्याला वेळ मिळत नाही. चेंडू यायच्या आधी बघ, मग वेळच वेळ आहे." मला आबा आठवले.

अशा माणसांची नोंद आकड्यांत सापडते, पण आकड्यांना चेहरा नसतो. टोनी फोर्ड १९७५ ते २००१ इतकी वर्षं, ग्रिम्सबीपासून रॉचडेलपर्यंत, ९३१ लीग सामने खेळला. इतके सामने खेळलेला माणूस किती हजार वेळा बुटाची नाडी बांधून थंडीत बाहेर पडला असेल, हे मला माझ्या धंद्यामुळं कळतं. आमच्या आठ नंबरच्या नावावर साडेचारशेच्या आसपास सामने आणि तीसएक गोल. कोल्हापूरला गेलो की मित्र विचारतात, "तुझ्या क्लबातला कोणी टीव्हीवर दिसतो काय?" मी 'नाही' म्हणतो आणि विषय बदलतो. पण मनात येतं, त्या मोठ्या अकादमीत नवव्या वर्षी त्याच्याबरोबर उभी असलेली बहुतेक पोरं विसाव्या वर्षी खेळाच्या बाहेर होती. हा चौतिसाव्या वर्षीही खेळून घर चालवत होता. याला अपयश म्हणायचं असेल तर यश कशाला म्हणायचं, ते एकदा नीट ठरवावं लागेल.

बसच्या लांब प्रवासात तो माझ्या पुढच्या सीटवर बसायचा, पाय मधल्या वाटेत लांब करून, कारण गुडघा वाकवून ठेवला की सुजायचा. एकदा टीव्हीवर १९७२ चा तो प्रसिद्ध सामना लागला होता. ५ फेब्रुवारी, एफए कप, हेरफर्ड विरुद्ध न्यूकॅसल. हेरफर्ड तेव्हा लीगमध्येही नव्हतं. न्यूकॅसल एका गोलनं पुढं असताना रॉनी रॅडफर्डनं चिखलातून लांबून असा फटका मारला की चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला आणि लोक मैदानात धावत आले. जादा वेळेत रिकी जॉर्जनं दुसरा गोल करून सामना जिंकून दिला. रॅडफर्डचा तो गोल इंग्लंडमधलं प्रत्येक पोर ओळखतं. बसमधली पोरं ओरडत होती. आठ नंबर माझ्याकडं वळून म्हणाला, "हा सुतार होता, माहीत आहे? मधल्या फळीत खेळायचा आणि सुतारकाम करायचा. त्याच्या हातात दुसरा धंदा होता." बाकीच्यांना त्या चित्रफितीत गोल दिसत होता, याला सुतार दिसला. त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, ते मला पुढं कळलं.

२०१९ चा एप्रिल. त्याचा त्या मोसमाचा करार एक वर्षाचा होता, पण त्यात एक कलम होतं. पंचवीस लीग सामने सुरुवातीपासून खेळला तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढणार. खालच्या लीगमध्ये अशी कलमं सर्रास असतात. त्याचे तेवीस झाले होते. चार सामने उरले होते आणि दोन हवे होते.

मंगळवारच्या सामन्यानंतर बुधवारी सकाळी तो टेबलावर आला. उजवा गुडघा. वाटीच्या आतल्या बाजूनं मी तळहातानं वर दाबत नेलं आणि बाहेरच्या बाजूनं खाली. आतल्या बाजूची खळगी पुन्हा फुगून आली. गुडघ्यात पाणी झालं होतं, आणि या वेळी नेहमीपेक्षा बरंच जास्त. कूर्चा झिजल्याचं स्कॅनमध्ये आधीच दिसलं होतं. सांध्याला विश्रांती दिली तर तो शांत होतो, रेटला तर दरवेळी थोडा थोडा कायमचा खर्च होतो, हे सर्जननी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

रोज सकाळी मॅनेजरच्या टेबलावर माझा एक कागद जायचा. प्रत्येक खेळाडूच्या नावासमोर एक खूण असायची. हिरवी म्हणजे खेळू शकतो, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे नाही. त्याच्या नावासमोर पिवळी खूण केली असती तरी भागलं असतं. तो शनिवारी इंजेक्शन घेऊन खेळला असता, पुढच्या शनिवारीही खेळला असता. पंचवीस झाले असते आणि त्याच्या घराला एक वर्षाचा पगार मिळाला असता. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती. पगार मला क्लब देत होता, माझी नोंदणी मला रुग्णाच्या हिताला बांधत होती, आणि टेबलावर बसलेला माणूस माझा मित्र होता. या तिघांच्या मध्ये मी उभा होतो. मधल्या फळीत उभं राहणं म्हणजे काय, ते त्या सकाळी मला माझ्या अंगावर कळलं.

त्यानं मला खोटं लिहायला सांगितलं नाही. एकच प्रश्न विचारला, "तुझ्या भावाचा गुडघा असता तर?"

मी म्हणालो, "तर मी त्याला खेळू दिलं नसतं. त्याला चाळिसाव्या वर्षी जिना चढायचाय."

तो बराच वेळ गुडघ्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "मग लाल कर."

मी लाल खूण केली. कागद घेऊन जिना चढताना माझे पाय जड झाले होते. मॅनेजरनं कागद बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "याच्यात अजून किती सामने आहेत?" मी सांगितलं, तीन आठवडे तरी नाही. आठ नंबरच्या संमतीनं जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं. आणखी काही विचारलं गेलं नाही.

पुढचे तीन सामने तो गॅलरीत कोट घालून बसला. मे महिन्याचा पहिला शनिवार, शेवटचा सामना. सूज उतरली होती, त्याला बदली खेळाडूंत घेतलं. पावणेदोनला तो आला, टेबलावर बसला, डावा पाय पुढं केला. मी क्रमानं बांधत गेलो. त्या दिवशी माझा हात मुद्दाम हळू चालत होता. त्याच्या ते लक्षात आलं असणार, पण तो काही बोलला नाही. ऐंशीव्या मिनिटाला तो मैदानात गेला. दहा मिनिटांत त्याच्या पायाला चेंडू सात-आठ वेळा लागला असेल. प्रत्येक वेळी आधी मान वळली, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. बदली म्हणून खेळलेला सामना कलमात धरत नाहीत. ते त्याला माहीत होतं, तरी शेवटच्या मिनिटाला पडलेल्या चेंडूसाठी तो चिखलात घसरत गेला.

सामन्यानंतर टेप तो नेहमी स्वतः कापायचा. त्या दिवशी कात्री माझ्या हातात दिली. घोट्याच्या मागच्या बाजूनं मी कापत गेलो. टेप उघडली, आत कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होती, आणि मोज्याच्या रेषेपर्यंत चिखल. वळ एकही नव्हता. त्यानं तो टेपचा साचा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकला.

दहा दिवसांनी यादी लागली. सोडलेल्यांत त्याचं नाव होतं. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, बरी क्लबाला लीगमधून काढून टाकलं. खेळाडूंचे पगार आधीच थकले होते. नुकतीच वरच्या लीगमध्ये बढती मिळवलेला, १२५ वर्षं लीगमध्ये असलेला तो क्लब, जिथं आमचा बायचुंग खेळला होता. किटमन त्या दिवशी मोजे आवरता आवरता मध्येच थांबून बसले. बरीचे खेळाडूही त्याच बाजारात आले, जिथं आमचा आठ नंबर उभा होता.

मला महिनाभर झोप नीट लागली नाही. एका लाल खुणेची किंमत किती, याचा हिशोब मी रात्री करत बसायचो. शेवटी न राहवून त्याला फोन केला. म्हणालो, मला माफ कर म्हणायला फोन केलाय. पलीकडून तो म्हणाला, "कशाबद्दल? मी दोन वर्षांपूर्वीच बघून ठेवलं होतं." एकतीस-बत्तीस वर्षांचा असतानाच त्यानं इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम सुरू केला होता. अशा शिक्षणाला खेळाडूंची संघटना पैशाची मदत करते. मंगळवारच्या सामन्यांमुळं वर्ग बुडायचे ते तो रविवारी भरून काढायचा. आम्हा कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रेसिंग रूममध्ये कळलं की याचं मन दुसरीकडं आहे असं लोक समजतात, म्हणून. रॅडफर्डमधल्या सुताराकडं तो का बघत होता, ते मला त्या फोनवर कळलं. चेंडू यायच्या आधीच त्याची मान वळलेली होती.

त्यानं आधी बघून ठेवलं म्हणून माझी खूण बरोबर ठरली, असं मी मानत नाही. त्यानं काहीच बघून ठेवलं नसतं तरी ती लालच असायला हवी होती, आणि मग ती मला आयुष्यभर टोचली असती. टोचूनही करावं लागतं असंच ते काम आहे. हे त्याला माझ्या आधी समजलं होतं. म्हणूनच त्यानं ते ओझं माझ्या एकट्यावर टाकलं नाही. 'मग लाल कर' हे तीन शब्द त्यानं मला दिलेला पास होता, आणि त्याचं खेळाडू म्हणून मोठेपण मला साडेचारशे सामन्यांहून त्या तीन शब्दांत जास्त दिसतं.

मी तो क्लब पुढं सोडला. आता एका रुग्णालयात गुडघ्यांचंच काम बघतो. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी फोन वाजला, व्हिडिओ कॉल. पलीकडं आठ नंबर. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगावर रेनकोट, मागं एक छोटी चेंजिंग रूम. आठवडाभर तो घरांत वायरिंग करतो आणि शनिवारी गावातल्या मुलींच्या संघाला शिकवतो. बाकावर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी बसलेली होती. तिचा घोटा मागच्या महिन्यात मुरगळला होता, दुखणं आता गेलं होतं, पण पाय टाकायची तिला भीती वाटत होती. "क्रम मला माहीत आहे," तो म्हणाला, "तू फक्त बघत राहा. चुकलो तर थांबव."

त्यानं फोन टेकवून ठेवला. फोमचे दोन तुकडे, अंडररॅप, दोन अँकर. रिकिबी आतून बाहेर, तीन. सहा वर्षं मी त्याचा पाय बघत होतो आणि तो माझे हात बघत होता. हील लॉकला तो क्षणभर थांबला, पट्टी थोडी मागं घेतली, वळ काढला आणि पुन्हा ओढली.

"पाऊल काटकोनात धर," तो त्या मुलीला म्हणाला.

मला कुठंच थांबवावं लागलं नाही.